ओट्यावर काढलेली धार

वस्तीवरच्या तीन घरांचं दूध मी गावात डेअरीला पोचवत असे, आणि त्यातल्या एका घरचं चोरत असे. हे वाक्य लिहायला साठी उलटून जावी लागली, म्हणून ते सुरुवातीलाच लिहून मोकळी होते. नाहीतर घरच्या गप्पा, आईच्या हातची भाकरी, उसाच्या बांधावरची बोरं असं करत करत मी मूळ गोष्ट शेवटपर्यंत टाळेन. टाळण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

आमची वस्ती गावापासून अर्ध्या तासावर, तळेगाव ढमढेऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत होती. पहाटे आई गोठ्यात बसली की पहिल्या धारेचा आवाज मोकळ्या चरवीच्या तळावर टणटण वाजायचा आणि मग चरवी भरत जाईल तसा जाड होत जायचा. त्या आवाजावरून मला अंथरुणात कळायचं की अजून किती झोप शिल्लक आहे. आवाज पार बसला की आईची हाक यायचीच, "मंगल, ऊठ, दूध निवायच्या आत निघ." चुलीपुढं बसून रात्रीची भाकरी चहात बुडवून खायची, वेण्या आई घालायची, आणि वेण्या घालताना डोक्यावर एक टपली ठरलेली. मुलीच्या जातीला सायकल कशाला, असं वस्तीवर बोललं गेलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, कमी बोलणारा माणूस. ते एवढंच म्हणाले, "शाळा गावात, डेअरी गावात. एकाच फेरीत दोनी कामं व्हत्यात." तेव्हा डाव्या मुठीला आमची किटली, उजव्या मुठीला शेजारच्या हिराकाकूंची, आणि मागं कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेली दस्तगीरचाचांची, अशी माझी स्वारी निघायची. खड्डा आला की तिन्ही झाकणं एकदम वाजायची.

दस्तगीरचाचा आणि चाचींचं घर वस्तीच्या टोकाला, लिंबाखाली होतं. त्यांच्या तीन पिढ्या तिथंच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. थोडी जमीन, चार शेळ्या आणि एक म्हैस. ती म्हैस चाचींनी पारडी असल्यापासून वाढवलेली होती. धार चाचीच काढायच्या. गुडघ्यात चरवी धरून, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून, तोंडानं हळू काहीतरी पुटपुटत. एकदा चाची बहिणीकडं राहू गावाला गेल्या तेव्हा चाचा धारेला बसले, तर म्हशीनं दूध वर चढवलं ते चढवलंच. तीन वेळा आंघोळ घातली, गूळ चारला, तरी पाव चरवी भरेना. दुसऱ्या दिवशी चाची परत आल्या, नुसतं अंगावरून हात फिरवला आणि म्हशीनं पान्हा सोडला. ही गोष्ट चाचा हसत हसत सगळ्यांना सांगायचे. "आमी खाऊ घालायचं नोकर, मालकीण ती," म्हणायचे.

त्या म्हशीच्या दुधाचं गावात नाव होतं. डेअरीच्या ओट्यावर एक फळा असे. आदल्या दिवशी कुणाच्या दुधाला किती फॅट लागली ते सेक्रेटरी त्यावर खडूनं लिहायचे. चाचांचा आकडा कायम सगळ्यात वर, आठाच्या पुढं. चाचांना वाचता येत नव्हतं, म्हणून शाळा सुटून घरी आले की मी लिंबाखाली सायकल थांबवायची आणि त्यांनी विचारायचं, "बेटा, आज काय म्हणतोय फळा?" मी आकडा सांगायची. ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पुढं माणसांच्या चेहऱ्यावर मुलाचा निकाल लागल्यावर पाहिलं. आत जाऊन चाचींना ओरडून सांगायचे आणि चाची आतून म्हणायच्या, "मग? हात कुनाचा हाय?"

आता सुरेखा. ती माझ्या वर्गात, पण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. एकदा नापास झालेली आणि त्याची अजिबात लाज नसलेली. तिच्या मामाचं फाट्यावर चहा-भज्यांचं हॉटेल होतं आणि ती तिथंच राहायची. मी दूध घेऊन जायची तेव्हा मामाचा पहिला घाणा कढईत पडत असायचा. कांदाभजी. आमच्या घरात तेल पळीनं मोजून वापरायचं असायचं, भजी व्हायची ती वर्षातून दोनदा, पाहुण्यांसाठी, आणि पाहुण्यांनी खाऊन उरली तर. त्या सकाळच्या थंडीत फाट्यावरून तो वास यायचा आणि माझे पाय पायडलवर जड व्हायचे. सुरेखानं ते ओळखलं. एक दिवस तिनं कागदावर चार भजी आणि एक तळलेली मिरची आणून दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. मला आत बाकावर बसवलं, शेजारी बसली, वर्गातल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. वर्गात मला कुणी विचारत नसे. शेणाचा वास येतो म्हणून बाकावर मी एकटी बसायची. आणि इथं ही गावभर ओळख असलेली मुलगी मला "मंगे" म्हणत होती. चौथ्या का पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मंगे, मामाला दूध कमी पडतंया. एक फुलपात्र काढलं तुझ्या किटलीतलं तर कुनाला कळनार हाय? तेवढंच पानी घालू."

मी नाही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मी थोडा विचार केला, आणि तो विचारच मला आजवर सुखानं जगू देत नाही. आमचं गाईचं दूध आधीच पातळ, त्यात पाणी घातलं तर लॅक्टोमीटर लगेच बोलणार आणि आई मला फोडून काढणार. हिराकाकूंचंही तसंच. चाचांचं दूध मात्र दाट. त्यात पाणी खपून जाईल. आठाची साडेसात झाली तरी फळ्यावर आकडा वरच राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. अशी मी हुशार. गणितात मला नेहमी चांगले गुण पडायचे. हॉटेलच्या मागच्या बाजूला ट्यूबची पट्टी सोडली, सुरेखानं फुलपात्र बुडवलं, रांजणातलं पाणी ओतलं, मी झाकण लावलं. त्या दिवशी मला भजी ताटलीत मिळाली. मामा कढईवरून माझ्याकडं बघून हसला. त्याला सगळं ठाऊक होतं.

फुलपात्राचा तांब्या व्हायला पंधरा दिवसही लागले नाहीत. चोरीत हात लवकर बसतो. फळ्यावरचा आकडा साडेसातावर थांबला नाही, तो सात झाला, मग सहाच्या घरात आला. मी चाचांना जुनाच आकडा सांगत राहिले. आठ. आठ. सव्वाआठ सुद्धा सांगितला एकदा, म्हणजे माझी हिंमत बघा. पण फळा काही माझ्या एकटीसाठी नव्हता. हिराकाकूंच्या नवऱ्यानं सहज चाचांना विचारलं, म्हशीचं काय बिनसलं? त्या दिवशी मी लिंबाखाली पोचले तेव्हा चाचा मुळाशी बसून होते. मला वाटलं, संपलं. मी सायकल स्टँडवर लावली. चाचा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, मला वाईट वाटू नये म्हणून खोटा आकडा सांगत व्हतीस व्हय? एवढ्या ल्हान वयात एवढी माया. पर आता खरं सांगत जा. जनावराचा आजार लपवू न्हाई." मी मान हलवली. चोर म्हणून धरली जाईन या भीतीनं आलेले अश्रू त्यांनी मायेचे समजून आपल्या पंच्यानं पुसले.

त्यानंतर त्या घरानं म्हशीसाठी काय केलं नाही! सरकी पेंड वाढवली, मेथ्या भिजवून घातल्या. जनावरांचा डॉक्टर आणला, तो म्हणाला, म्हैस ठणठणीत आहे. मग नजर लागली असेल म्हणून चाचींनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि दर्ग्यातून आणलेला काळा दोरा गळ्यात बांधला. चाची स्वतः जेवताना अर्धी भाकरी बाजूला काढून म्हशीला नेऊन घालताना मी पाहिल्या आहेत. आणि रोज सकाळी मी तीच किटली नेत होते, रोज फाट्यावर पट्टी सोडत होते. थांबावं असं वाटत नव्हतं का? वाटायचं. रोज वस्तीवरून निघताना वाटायचं आणि फाटा आला की उद्यापासून असं म्हणायची. आता थांबले तर आकडा एकदम वर जाईल आणि संशय येईल, हे कारणही मी शोधून ठेवलं होतं. लबाडीला कारणं पुरवायला डोकं फार तत्पर असतं.

एक दिवस सेक्रेटरींनी लॅक्टोमीटर चाचांच्या दुधात सोडला, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि रांगेतल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या. दस्तगीरचाचाबी पानी घालाय लागला. आता कुनावर इस्वास ठेवायचा?" माणसं हसली. मी तिथंच उभी होते. संध्याकाळपर्यंत ते शब्द वस्तीवर पोचले. चाचा आमच्या घरी येऊन आप्पांना म्हणाले, "उद्या मंगलकडं दूध देनार न्हाई. म्हसच घिऊन जातो. सगळ्यांच्या म्होरं धार काढतो." आमच्याकडं ही रीत होती. पाण्याचा आळ आला की जनावर ओट्यापाशी आणायचं, चारचौघांसमोर पिळायचं आणि तिथल्या तिथं दूध तपासून घ्यायचं. त्यात जो खरा ठरला त्याला पुढं कुणी बोलत नसे.

पहाटे मी सायकल हातात धरून त्यांच्या बरोबरच निघाले, कारण आप्पांनी सांगितलं, म्हातारा एकटा चाललाय, सोबत जा. चाचांनी धुवट पांढरा सदरा घातला होता, टोपी घातली होती. म्हशीची शिंगं तेल लावून चकचकीत केली होती. चाची दारात उभ्या होत्या. त्या आल्या नाहीत. येण्याचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. गावातल्या पंचवीस पुरुषांच्या घोळक्यात चाचांची बायको धारेला बसणार, हे चाचांना सुचणं शक्य नव्हतं आणि चाचींनी म्हणणंही शक्य नव्हतं. घरची अब्रू राखायला निघालेला माणूस घरच्या बाईला ओट्यावर कसा नेईल? फाट्यावरून जाताना सुरेखा हॉटेलच्या दारात होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली.

ओट्यापाशी गर्दी होती. म्हशीनं आयुष्यात एवढी माणसं एकदम पाहिली नव्हती. त्यात कुणाचा तरी ट्रॅक्टर फटफटत आला, ती बिथरली, दोघांनी शिंगं धरली. चाचा बसले. चुचकारलं, थोपटलं, सड ओले केले. चार बारीक धारा आल्या आणि थांबल्या. चाचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते, त्यांच्या कानशिलावरून घाम गळत होता. मला ठाऊक होतं काय झालंय ते. वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की ही म्हैस चाचींच्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही. चाचांना स्वतःला ठाऊक होतं, पण त्या घटकेला भीतीनं आणि लाजेनं त्यांचं डोकं चालत नव्हतं. मला नुसतं एवढं म्हणायचं होतं, "चाचीला बोलवा." माझी चोरी सांगायचीसुद्धा गरज नव्हती. सायकलवर टांग मारली असती तर तासाभरात चाचींना घेऊन आले असते. पण चाची बसल्या, दाट दूध आलं, आठाची फॅट लागली, तर पुढचा प्रश्न सेक्रेटरी कुणाला विचारणार होते? मी तोंड उघडलं नाही. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

जेमतेम पाव चरवी निघाली. वरवरचं, पातळ दूध. जनावर दूध चढवतं तेव्हा साय मागं राहते, हे दूधवाल्या घरात जन्मलेल्या कुणालाही कळतं. सेक्रेटरींनी लॅक्टोमीटर सोडला आणि म्हणाले, "पानी न्हाई." मग नळीत दूध घेऊन फॅट मोजायचं यंत्र हातानं फिरवलं. सगळे थांबले. नळी उजेडाकडं धरून त्यांनी पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "चाचा, माफी करा. तुमी खरं हाय. पानी न्हाई तुमच्या दुधात. पर फॅट चारसुदीक न्हाई. म्हस गेली तुमची. आता हिच्यात काय राहिलं न्हाई."

लोक हळहळले. कुणीतरी चहा मागवला. चाचांनी दोन्ही हातांनी सेक्रेटरींना सलाम केला आणि म्हणाले, "माझं नाव साफ केलंत. लई उपकार झाले."

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. परतीच्या वाटेवर चाचा पुढं, म्हैस मधे, मी मागं. वस्ती दिसायला लागली तेव्हा ते थांबले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "नाव राहिलं बेटा. जनावर गेलं."

चाचांनी डेअरीला दूध पाठवणंच बंद केलं आणि चौथ्या दिवशी वरवंडकडचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. म्हैस फळीवर चढेना. दोघांनी ओढलं, एकानं शेपूट पिळलं, तिनं चारी पाय रोवले. शेवटी चाची घरातून आल्या, कुणाशी न बोलता फळीवरून टेम्पोत चढल्या आणि आतून फक्त एक हाक मारली. म्हैस लगेच त्यांच्या मागं चढून गेली. चाचींनी तिच्या कुशीला कपाळ टेकवलं, आणि टेम्पोच्या फळ्यांवर दुधाचे थेंब पडताना मी पाहिले. व्यापाऱ्यानंही पाहिले. त्यानं झटकन चाचींना उतरा म्हणून सांगितलं आणि मागचं फाळकं लावून घेतलं. गेलेली म्हैस म्हणून घेतलेल्या जनावराचा सौदा कुणी फिरवू नये, म्हणून तो चहाला सुद्धा थांबला नाही.

मी पुन्हा फाट्यावर थांबले नाही. सुरेखानं एकदा शाळेत विचारलं, "आता हिराकाकूच्या किटलीतलं काढू की," आणि मी नाही म्हणाल्यावर खांदे उडवून निघून गेली. परवा दौंडला एका लग्नात भेटली. अंगानं भरलेली, हसतमुख, नातवंडांच्या घोळक्यात. मी धीर करून विषय काढला, तर म्हणाली, "दूध? कसलं गं दूध?" तिला खरंच आठवत नव्हतं. मला तिचा राग आला नाही, हेवा वाटला. आणि वाचणाऱ्याला वाटेल की मी त्यानंतर भजी कधी तोंडात घातली नसतील. तर घातली. आजही आवडतात. तेवढ्या चवीसाठी मी एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर मोडलं आणि ती चव अजून मला गोड लागते, हे लपवून काय करायचं?

माझं लग्न होऊन मी दौंडला आले, नवरा रेल्वेत. माहेरी गेले की चाचांना भेटायची, ते डोक्यावर हात ठेवायचे, आणि मी दर वेळी पुढच्या वेळी सांगेन म्हणून परत यायची. मग एक दिवस भावाचा फोन आला की चाचा गेले. चाळीस दिवस होऊन गेल्यावर मी चाचींकडं गेले. त्यांनी चहा केला, बिनदुधाचा. दूध नाही का घरात, असं विचारायचा मला काय अधिकार? समोर चाचांची खाट होती, अंथरूण गुंडाळून उशाला ठेवलेलं. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. फाटा, फुलपात्र, रांजण, ओट्यावर गिळलेले ते दोन शब्द. रडले नाही. रडायचं नाही असं एसटीत ठरवून आले होते.

मला वाटलं, चाची शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "त्येंनी मला बोल लावला, मंगल. धारेला बसून उरक न्हाई, अर्धं दूध सडात ठिवतीस, तुझ्या हातानं म्हस गेली, असं म्हनले. एकदाच म्हनले. पर त्येच्यानंतर दुसरी म्हस आनू म्हनलं तर न्हाईच म्हनले. तीस वरसं या घरात जनावर आलं न्हाई. मलाबी तेच वाटत राहिलं. हात बघत बसायची मी."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. "माझ्याकडं नगं," त्या म्हणाल्या. "त्येंच्या खाटंकडं तोंड कर. आन् पयल्यापासनं सांग. मोठ्यानं."

मी खाटेकडं वळले आणि पहिल्यापासून सांगितलं. मोठ्यानं, एकही गोष्ट न गाळता, आणि मधेच माझा आवाज फुटला तेव्हा चाची थांबून राहिल्या, पुन्हा सुरू होईपर्यंत. सगळं सांगून झालं. चाचींनी पदर सारखा केला, खाटेच्या माच्याला हात लावला आणि घरात नवरा असल्यावर बाई बोलते तशा साध्या आवाजात म्हणाल्या,

"ऐकलंत का? माझा हात चांगला व्हता."